म्हशींच्या तबेल्यासाठी फुग्याचा बायोगॅस प्लांट: वर्षभर वापरून लिहितेय, घ्या, पण साइझ बघून घ्या

शिळफाट्याच्या पुढे खिडकाळीच्या बाजूला आमचा तबेला आहे, दहा दुभत्या म्हशी, बहुतेक मुऱ्हा आणि दोन जाफराबादी. मी ऐरोलीला नोकरी करते पण तबेल्याचा हिशोब लग्न झाल्यापासून माझ्याकडेच आहे, त्यामुळे हा प्लांट घ्यायचा का, केवढा घ्यायचा, कोणाकडून घ्यायचा हे सगळं माझ्याच डोक्याला होतं. आता वापरून वर्ष उलटून गेलंय, ओळखीतले तबेलेवाले, दिव्याचे, भिवंडीकडचे, सारखे फोन करून विचारतात की वहिनी कसा आहे तो फुगा, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. कंपनीचं नाव लिहिणार नाही कारण हा माल बऱ्याच जणांचा सारखाच असतो आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू पडतं.

वस्तू म्हणजे काय तर जाड रबरी-प्लास्टिक कापडाची मोठी लांब पिशवी, साधारण आठेक मीटर, खड्ड्यात अर्धी बसवलेली. एका टोकाला शेणपाणी घालायचं, दुसऱ्या टोकाने स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेलं पातळ शेण, बाहेर येते, वरच्या भागात गॅस साठून पिशवी फुगते म्हणून सगळे फुगाच म्हणतात. आमचा दिवसाला ६ घनमीटर गॅसचा आहे. त्याला रोज १५० किलो ताजं शेण लागतं आणि तेवढंच पाणी, म्हणजे ३०० लिटर रबडी. एक किलो शेणातून साधारण ४० लिटर गॅस हा हिशोब सगळीकडे धरतात आणि आमच्याकडे तो बराचसा जुळतोय. ठाण्यात थंडी अशी काही पडतच नाही, त्यामुळे घाटावर डिसेंबरात जशी गॅस कमी होण्याची बोंब असते तशी इकडे नाही, हा आपल्याकडचा मोठा फायदा.

आता हे घेतलंच का. सिलेंडर वाचेल हे एक कारण होतंच, पण माझ्यासाठी खरं कारण वेगळं होतं. इकडच्या तबेल्यांची जुनी पद्धत सगळ्यांना माहितीय, सकाळ-संध्याकाळ पाइप लावून फरशी धुवायची आणि शेणाचं पाणी नाल्यात, नाला देसाई खाडीत. नाहीतर मागे खड्डा असतो त्यात ओलं शेण साचत राहतं. आजूबाजूला टॉवर झाले, लोकांना वासाचा त्रास होतो, तक्रारी होतात, हे झालं डोळ्यांना दिसणारं आणि नाकाला कळणारं. न दिसणारं म्हणजे त्या खड्ड्यात हवा पोचत नाही म्हणून शेण कुजताना मिथेन सुटतो, आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या मानाने १०० वर्षांच्या हिशोबात साधारण २७ पट आणि २० वर्षांच्या हिशोबात ८० पट हवा तापवतो. तेच शेण गोवऱ्या थापून उन्हात वाळवलं तर हवा लागत राहते आणि मिथेन फार कमी होतो. म्हणजे शेण वाईट नाही, ओलं साठवणं वाईट. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळपास ११ कोटी म्हशी आणि १९ कोटींच्या वर गाई-बैल होते, त्यामुळे एका खड्ड्याने काय होतंय असं मला तरी म्हणवत नाही. मला दोन लहान मुलं आहेत आणि मला याची खरंच काळजी वाटते.

बसवायला आलेली पोरं चांगली होती, हे आधी सांगते. खड्डा आम्ही खणून ठेवला होता, त्यांनी तळाला वाळू पसरली, दगडाचं एक टोक सुद्धा राहू दिलं नाही, हात फिरवून फिरवून बघत होते. पाइपला बाहेर जाताना हलका उतार दिला आणि सगळ्यात खालच्या जागी पाण्याचा ट्रॅप बसवला, कारण गॅसमध्ये वाफ असते, ती पाइपात थंड होऊन पाणी साचतं आणि मग शेगडी भकभक करते. सुरुवातीला पिशवीत त्यांनी दुसऱ्या चालू प्लांटची स्लरी ड्रम भरून आणून ओतली, विरजण लावतात तसं, त्याने काम लवकर सुरू होतं. पहिला गॅस मात्र पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, तो सोडून द्यावा लागतो, त्यामुळे कोणी पहिल्याच आठवड्यात प्लांट बोगस आहे म्हणून ओरडू नका, वीस-पंचवीस दिवस द्या.

स्वयंपाकाचं म्हणाल तर ज्योत निळी, स्वच्छ, भांडी काळी होत नाहीत. शेगडी मात्र बायोगॅसचीच लागते, भोकं मोठी असलेली, सिलेंडरची शेगडी जोडून चालत नाही. आमच्याकडे दोन्ही वेळेला तांदळाच्या भाकऱ्या, त्या सकाळी मस्त फुगतात कारण रात्रभराचा गॅस साठलेला असतो. संध्याकाळी उशिरा गॅस उतरला की प्रेशर पडतं, तेव्हा पिशवीवर जे पट्टे दिलेत ते आवळायचे किंवा वर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, तेवढ्याने चालतं. आजेसासूबाई नव्वदीच्या आहेत, त्यांनी आयुष्यभर चूल फुंकली, सिलेंडर घरात येऊनही पाणी तापवायला आणि म्हशींचा खुराक शिजवायला चूलच होती. त्या म्हणतात, "बाय, यो गॅस बरा हाय, डोल्याना धूर नाय लागत." मला त्यांचा हा एक रिव्ह्यू पुरेसा वाटतो.

वासाचं विचारतात सगळे. गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यासारखा वास, तोच शेगडी आणि नळ्या गंजवतो. त्यासाठी पाइपात एक डबा दिलाय, त्यात लोखंडाचा गंजलेला कीस असतो, तो सल्फर धरतो. उघडून बघितलं तर सुरुवातीला कीस तांबूस असतो आणि हळूहळू काळा पडत जातो, पूर्ण काळा झाला की बाहेर काढून हवेत पसरून ठेवायचा की परत तांबूस होतो आणि परत वापरता येतो. काढताना ढीग करून ठेवू नका, हवा लागली की तो गरम होतो, ताटात पातळ पसरा, आणि आमच्याकडच्यासारखं हातमोजे घालून करा. ही गोष्ट कंपनीच्या पुस्तिकेत एका ओळीत आहे, खरं तर मोठ्या अक्षरात पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, साइझ. सेल्सवाला आला तेव्हा त्याने म्हशी मोजल्या, त्यात रेडकं, भाकड म्हशी सगळं धरलं, आणि म्हणाला, "मॅडम, जेवढं शेण तेवढा प्लांट घ्या, गॅस जास्त झाला म्हणून कोणी रडत नाही." ऐकायला बरोबर वाटतं आणि इथेच गडबड आहे. १ घनमीटर गॅस म्हणजे साधारण पाऊण नव्हे, अर्ध्या किलोपेक्षा थोडा कमीच एलपीजी, ०.४३ किलो वगैरे धरतात. म्हणजे आमच्या ६ घनमीटरचे दिवसाला अडीच किलो एलपीजी झाले. साधारण चार-पाच माणसांच्या घरात सिलेंडर महिनाभर जातो म्हणजे दिवसाला अर्धा किलो. मग अडीच किलो जाळायचे कुठे? आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे, तबेल्यावरच्या कामगारांच्या खोलीत एक लाइन दिलीय, दुधाचे कॅन धुवायला गरम पाणी लागतं, खुराक शिजतो, आणि जे दूध संध्याकाळी उरतं त्याचा सासूबाई खवा करतात, तेव्हा कुठे तो गॅस रोजचा रोज संपतो. मी आधी हे सगळं कागदावर मांडलं आणि मग ६ चा घेतला, तो १० चा द्यायला बसला होता.

आमच्या ओळखीतल्या एकांनी त्याचं ऐकून मोठा घेतला, घरात माणसं पाच. आता त्यांच्याकडे जाऊन बघा, सेफ्टी व्हॉल्व म्हणजे पाण्याची बाटली असते, त्यात पाइपाचं टोक बुडवलेलं असतं, प्रेशर वाढलं की त्यातून जास्तीचा गॅस निघून जातो, ती बाटली दुपारपासून बुडबुड बुडबुड चालूच असते. ते काका म्हणतात, "जातोय तर जाऊ दे, आपल्याला काय, शेणाचाच तर आहे." पण तो जाणारा गॅस म्हणजे ६० टक्के मिथेन आहे, न जळलेला, सरळ हवेत.

याचा हिशोब मी बसून केला तेव्हा मला धक्काच बसला, तो इथे देतेच. एका म्हशीचं रोजचं १५ किलो शेण, ६०० लिटर गॅस, त्यातला ६० टक्के मिथेन म्हणजे ३६० लिटर, वजनात पाव किलोच्या थोडं आत. वर्षाला ८५ किलोच्या घरात. आणि आयपीसीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या २००६ च्या मार्गदर्शक आकड्यांत भारतीय उपखंडातल्या म्हशीच्या शेणाचा मिथेन वर्षाला ५ किलोच्या आसपास धरलाय, कारण आपल्याकडे बरंचसं शेण गोवऱ्यांना जातं, वाळतं, शेतात पसरतं. ओल्या खड्ड्याचा यापेक्षा पुष्कळ जास्त असणार हे उघड आहे, पण तरी बघा, प्लांट हा मुळात मिथेन मुद्दाम तयार करण्याचं मशीन आहे. तो जाळला तर सोनं, त्याने सिलेंडर वाचतो आणि एक किलो एलपीजी जळून जो ३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो तोही वाचतो. पण तयार करून सोडून दिला तर? ८५ किलोतले ५ किलो म्हणजे ६ टक्के, नुसती एवढी गळती झाली तरी त्या ५ किलोंची बरोबरी होते. ज्याच्याकडे आधी गोवऱ्या थापल्या जात होत्या आणि आता फुगा आहे आणि त्याची बाटली अर्धा दिवस बुडबुडते, त्याने हवेचं नुकसानच केलं. हे मला एकाही विक्रेत्याने सांगितलं नाही आणि याचाच मला राग आहे, कारण पर्यावरणाच्या नावावरच तर विकतात.

म्हणून माझं म्हणणं आहे की साइझ शेणावरून ठरवू नका, चुलीवरून ठरवा. उरलेलं शेण सुकवा, गोवऱ्या करा, पालापाचोळा आणि वैरणीची नासाडी मिसळून उलथापालथ करत कंपोस्ट करा, काहीही करा पण ओलं साठवू नका. आणि जर मोठाच प्लांट बसलाय आणि गॅस उरतोय तर शेजारच्या घराला लाइन द्या, आमच्या गावात हे सहज होतं, किंवा निदान एक जुनी शेगडी मोकळ्यावर ठेवून जाळून टाका, जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड हा म्हशीने खाल्लेल्या चाऱ्यातलाच आहे. महिन्यातून एकदा साबणाचा फेस करून सगळ्या जोडांना लावायचा, बुडबुडा आला की तिथे गळती. आमच्याकडे एल्बोजवळ मिळाली होती, टेप बदलून गेली.

दुसरी गोष्ट जी विक्रेता ठोकून बोलतो, "तुमचा तबेला कार्बन न्यूट्रल होणार." म्हणजे तबेल्यामुळे हवा तापणं निव्वळ शून्यावर येणार. अजिबात नाही होत. म्हशीच्या पोटात पहिल्या कप्प्यात चारा आंबतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन करतात आणि तो मुख्यतः ढेकरेतून, तोंडाने बाहेर येतो, मागून येतो असं लोक समजतात पण ते थोडंच. त्याच आयपीसीसीच्या आकड्यात म्हशीमागे हा पोटातला मिथेन वर्षाला ५५ किलो आहे. ५५ आणि ५. त्यातला ५ चा भाग फुगा सांभाळतो, ५५ ला हातही लावत नाही. त्यावर उपाय खाण्यात आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने हरित धारा नावाचं टॅनिनवाल्या वनस्पतींचं खाद्यपूरक काढलंय, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो. बाहेरच्या देशात बोव्हेर म्हणून एक पावडर आहे, ती दुभत्या गाईंत सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास कमी करते, युरोपने २०२२ मध्ये मान्यता दिली. आमच्यासारख्यांना आज जमणारं म्हणजे खुराकाचा तोल. आपल्याकडच्या तबेल्यांत सरकी पेंड आणि चुनी ढीगभर आणि हिरवा चारा मिळेल तसा, मिनरल मिक्स्चर कधीतरी. डॉक्टरांकडून वजन-दुधाप्रमाणे खुराक लावून घेतला तर त्याच चाऱ्यात दूध वाढतं आणि लिटरमागे मिथेन कमी पडतो, आणि पैसेही वाचतात. फुग्याच्या खर्चाच्या एका कोपऱ्यात हे होतं, मग विक्रेते कशाला सांगतील. दादांना, म्हणजे सासऱ्यांना, हे पटवायला मला फुग्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण आता ते स्वतः मिनरल मिक्स्चर मोजून घालतात.

स्लरीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. रोज ३०० लिटर आत गेलं की रोज जवळजवळ ३०० लिटर बाहेर येतं. शेण गायब होत नाही हो! बाहेर येणारी स्लरी वासाला खूपच सौम्य, माश्या बसत नाहीत, खत म्हणून उत्तम, नायट्रोजन झाडाला पटकन मिळतो. पण ती परत उघड्या खड्ड्यात साठवली तर उरलासुरला मिथेन तिथून निघतोच. आम्ही वाळूचा एक गाळण-वाफा केलाय, पाणी खाली उतरतं ते परत शेणात मिसळायला वापरतो त्यामुळे नवीन पाणी कमी लागतं, आणि वरचा साका सुकवून गोणीत भरतो. पनवेलकडच्या नर्सऱ्या घेऊन जातात, आमच्या भातशेतीला आणि परसातल्या वालाला आम्हीच घालतो. गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यात जकरियापुरा गावात एनडीडीबीने, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने, घरोघरी फुगे देऊन स्लरी विकत घेण्याची सोय केलीय, बायकांची सोसायटीच ती चालवते, तसं काहीतरी ठाणे जिल्ह्यात व्हायला पाहिजे, शहापूर-मुरबाडला शेती आहे आणि शिळ-भिवंडी-कल्याणला शेण आहे, मध्ये फक्त एक टँकर कमी आहे.

शेण घालण्याबाबत दोन पथ्यं. फिनेल टाकून फरशी धुतली ते पाणी प्लांटमध्ये जाता कामा नये, आतले जिवाणू मरतात. आणि एखाद्या म्हशीला अँटिबायोटिक चालू असेल तर तिचं शेण बाजूला काढायचं, आमच्याकडे एकीला मस्टायटिस (कासेची सूज) झाला होता तेव्हा तिचं शेण आम्ही वेगळं कंपोस्टला टाकलं. पाइप सोडून फरशी धुतल्यावर शेण फार पातळ होतं, त्यात गॅस बनत नाही, त्यामुळे आधी फावड्याने शेण उचलायचं आणि मग धुवायचं. ही सवय कामगारांना लागायला वेळ लागतो पण पाण्याचं बिल बघाल तर लगेच कळेल.

पावसाळा हा इकडचा खरा पेपर. जुलैत खड्ड्याच्या बाजूने पाणी शिरलं आणि पिशवी एका बाजूला उचलली गेली, इनलेटचा पाइप वाकडा झाला. कंपनीला फोन केला तर आज येतो उद्या येतो, हेल्पलाइनवाली मुलगी बिचारी गोड बोलायची पण माणूस काही येईना, शेवटी आमच्याच प्लंबरने चर खणून पाणी काढलं. बसवताना इतकी काळजी घेणाऱ्यांनी कोकणपट्टीतल्या पावसाचा विचार करून चर आणि वर पत्र्याची शेड सांगायला हवी होती, ती मागाहून आम्ही केली आणि खर्च वाढला, सगळं धरून लाखाच्या वर गेलं. कुंपण पण घालाच, म्हैस सुटली तर शिंगाने एका क्षणात काम होईल, आणि दिवाळीत फटाक्यांची ठिणगी. पॅच किट दिलंय ते सायकलच्या ट्यूबसारखंच काम करतं, एकदा उंदराने कुरतडलं होतं तिथे लावलं, टिकून आहे.

दुसरे पर्याय बघितले होते. लोखंडी टाकीवाला जुना गोबरगॅस खाडीच्या खाऱ्या हवेत गंजतो. विटांचा घुमटवाला दीनबंधू, १९८४ पासून देशभर आहे, नीट बांधला तर वीस वर्षं बघावं लागत नाही, पण त्याला कसलेला गवंडी लागतो, घुमटाला बारीक चीर गेली तर गळती दिसतही नाही. शिवाय आमच्या जागेवर उद्या रस्ता येईल की टॉवर हे सांगता येत नाही, फुगा निदान गुंडाळून नेता येतो. ज्यांची जागा पक्की आहे त्यांनी दीनबंधूच बघावा असं माझं मत आहे.

मार्क द्यायचे तर प्लांटला ५ पैकी ४, बसवणाऱ्या पोरांना ५, नंतरच्या सर्विसला २, आणि विकताना केलेल्या दाव्यांना १. अनुदान हवं असेल तर घेण्याच्या आधी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात जाऊन विचारा, मॉडेल मंजूर यादीत आहे का ते तिथेच कळेल, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर बसू नका. आणि ऑर्डर देताना बिलावर दोन गोष्टी लिहून घ्या, पावसाळ्यात किती दिवसांत माणूस येणार, आणि जास्तीचा गॅस जाळायला एक बर्नर सोबत देणार का. आम्ही तो बर्नर मागाहून वेगळा घेतला, बाटलीच्या शेजारीच खांबावर बसवलाय.